साहेबाला मेंढरांशिवाय झोपडी पाहिजे

औरंगाबाद

आप्पा अन् माय, तुमच्या म्हाळूचा दोघांना दंडवत.

मी खुशाल हाय. खानावळीत आता भाकरी गरम मिळती. मायचा खोकला थांबला का?

आमच्या कारखान्यातले साहेब लोक पुढच्या महिन्यात अजिंठ्याच्या डोंगरात फिरायला निघालेत. माथ्यामाथ्यानं चालायचं अन् रोज एका धनगराच्या झोपडीत मुक्काम करायचा, असा बेत हाय. पहिला मुक्काम आपल्याकडं. मी तिकडचा, म्हणून सगळ्या झोपड्या ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

काल मोठे साहेब नाक मुरडून म्हणले, "आधी मेंढरं लांब हाकायला सांग, लई वास मारतो. अन् झोपड्या फिनाईलनं धुवून घे."

शेणानं सारवलेली भुई फिनाईलनं धुवायची म्हणं. आप्पा, खालचे शेतकरी लेंडीखतासाठी ज्वारी देऊन आपली मेंढरं रानात बसवून घेतात, अन् ह्यांना त्यांचा वास सुदिक नको. ह्यांच्या अत्तरानं रोज माझं डोकं उठतं, ते कुणी इचारत नाय.

मी तोंडावर "व्हय" म्हणून आलो. नोकरीची काळजी करू नका.

तर ते येतील. तुम्ही च्या पाजालच, मला ठाऊक हाय. पण एक बी मेंढरू हलवू नका. थंडीचं कोकरं आत निजवता ना, त्यांच्याच शेजारी साहेबाचं अंथरूण टाका. अन् माय, तू आदल्या दिवशी ताज्या शेणानं भुई सारवून ठेव.

तुमचा,
म्हाळू