तिसऱ्या दिवशी घरी जायचं

९ नोव्हें., मालदीव
सहावीचा तास. मला त्यांची दिवेही भाषा येत नाही, त्यांना माझी मराठी. मधे इंग्रजी, दोघांनाही उसनीच. 'काल काय केलंस?' एकेकाला इंग्रजीत विचारत गेले. आयशत नुसतीच उभी. तिसऱ्यांदा विचारताना माझा आवाज चढला. पोरं हसली. आयशत वाचते छान, तोंड मात्र उघडत नाही.
गावाकडून, वडवणीहून दादाचा फोन. पाण्याचा टँकर चौथ्या दिवशी येतो. ऊसच नाही म्हणून जवळचा सहकारी कारखाना यंदा बंद. दादा-वहिनी लांब, कर्नाटकात ऊसतोडीला निघाले. लेकीला, सोनीलाही नेतायत. तीही सहावीतच.

१८ नोव्हें.
आयशत आठवडाभर नाही. गैरहजर लिहिलं, पुढचं नाव घेतलं. आमच्या गावाकडं दिवाळीनंतर बाकं रिकामी व्हायचीच.

१९ नोव्हें.
मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलं. "आयशतच्या घरी गेलात?" नाही म्हटलं. "आपल्या शाळेत मूल तीन दिवस आलं नाही की तिसऱ्या दिवशी शिक्षक घरी जातो." लाज वाटली. या बेटावर ऊसच नाही, मग पोरगी जाणार कुठं, हे डोक्यातच आलं नाही माझ्या.

२० नोव्हें.
गेले. घर पाच मिनिटांवर. आयशत दाराआड. तिच्या आईसमोरच तिला म्हटलं, माझी चूक झाली, ओरडायला नको होतं. आणि थांबले. मग ती इंग्रजीत, सावकाश म्हणाली: काल मी आजीबरोबर मासे वाळत घातले. अख्खं वाक्य! उद्या येते म्हणाली.
परतताना रडू आलं. सातवीत मी पाच महिने तोडीवर होते. परत आले तेव्हा गुरुजी 'बस' एवढंच म्हणाले. कुठं होतीस, कोणी विचारलं नाही.

१६ डिसें., वडवणी
सुट्टी. अर्ध्या बादलीत अंघोळ. सोनीच्या शाळेत जाऊन आले. निम्मी बाकं रिकामी. गुरुजी म्हणाले, "मॅडम, तुमी भाईरून आलात म्हणून इचारता. येतील की हंगाम संपल्यावर."
"घरी गेलतात का कोणाच्या?"
"घरी कोन हाय? कुलूप."
तेही खरंच. चिडून काय उपयोग, मीही परवापर्यंत तशीच होते. हजेरीत सोनीचं नाव आहे, तेवढं बघून आले.
आई म्हणते, सोनीला माझ्यापाशी ठेव. पण ती तोडीच्या तळावर धाकट्या भावाला, बारक्याला सांभाळते. तिला आणलं तर वहिनीला फडात जाता येणार नाही, आणि नवरा-बायकोच्या जोडीतला एक बसला की मुकादम दादालाही ठेवणार नाही.

१७ डिसें.
दादाच्या फोनवर सोनीशी बोलले. उद्या तुमच्या तळावर यायला निघतेय म्हटलं. आजीपाशी राहून शाळेत जाशील? पुन्हा विचारलं नाही. थांबले.
"आत्या, हजेरीत माझं नाव हाय का अजून?"
हाय म्हटलं.
"मग बारक्याला कोन बघंल?"
फोन ठेवून पिशवी भरली. उद्या सकाळी सहाची गाडी आहे, मांजरसुंब्याला बदलायची.