जाळाविना कढई

१२ नोव्हेंबर, मंगळवार

गॅसची शेगडी आज घराबाहेर गेली! टाकीसकट. सिद्धाराम वायरमन घेऊन गेला. ह्यांना आता दिवसरात्र ऑक्सिजनचं मशीन लागणार, आणि उमरग्याच्या डॉक्टरांनी बजावलंय – त्या घरात जाळ नको. शेगडी नको, उदबत्ती नको. लिंगपूजेला समईसुद्धा नको.

शिवलीलानं पुण्याहून इंडक्शन पाठवलंय. सपाट नाही – मधे खळगा आहे, त्यात गोल बुडाची कढई बसते. "अप्पांना कढईतलंच लागतं, अव्वा. मुद्दाम शोधून घेतलं," लेक फोनवर म्हणाली.

हे खाटेवरून बघत होते. नाकात नळी. "बेंकी इल्लद अडगी!" म्हणाले. जाळाविना स्वयंपाक! स्वतःच हसले, आणि त्या हसण्यानं जो दम लागला तो दहा मिनिटं.

१३ नोव्हेंबर

डाळ करपली.

१५ नोव्हेंबर

अठ्ठावीस वर्षं मुरूमच्या स्टँडसमोर आमचं हॉटेल. भजी आणि सुशीला. भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा असा सुशीला दुसरीकडं कुठं नाही, असं एसटीचे ड्रायव्हर सांगायचे. भट्टी तुराट्यांची, पावसाळ्यात ओल्या लाकडाची. हे नुसते जाळाकडं बघायचे – एक तुराटी आत सारायची, एक मागं ओढायची. त्या धुरानंच छाती गेली म्हणतात डॉक्टर. बिडी कधी ओढली नाही माणसानं!

माझंही तसंच. जाळ दिसल्याशिवाय हात चालत नाही. कढई तापली का नाही, कळत नाही. परतायला उचलली की ते टीं-टीं करतं आणि बंद पडतं. आज दोनदा रडले. तोंडाला पदर लावून – ह्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

१६ नोव्हेंबर

ऐकू गेलं होतं.

सकाळी म्हणाले, "माजी खाट सैपाकघराच्या दाराशी घे." का, विचारलं तर – "जाळ दिसत न्हाय ना? मग ऐकायचं. तेल बोलत असतंय."

मोहरी टाकली. "उशिरा तडतडली. आकडा वाढव." सोळाशे केला. कांदा टाकला. हे डोळे मिटून. "आता लई ओरडतोय. खाली आण." बाराशे. मधे मधे श्वास घेत, दोन-दोन शब्द. मग हात वर केला – बस. कांदा बघितला तर अगदी त्यांच्या हातचा रंग! न बघता!

दोन वाट्या पोहे खाल्ले. एक त्यांनी, एक मी.

२१ नोव्हेंबर



कढई सोळाशेवर होती, मशीन चालू होतं, आणि मीटरपाशी खटकन बटण पडलं. सगळंच बंद! मशीन किंचाळायला लागलं. ह्यांचे ओठ जांभळे. कोपऱ्यात ऑक्सिजनचा सिलिंडर भरून ठेवलाय तो ह्यासाठीच, पण चावी फिरेना. उलटी फिरवत होते मी! शेवटी फिरली. नळी लावली. किती वेळ गेला देव जाणे.

डोळे उघडले आणि पहिला शब्द काय – "तेल उतरवलं का?"

"जळो ते तेल!" मी ओरडले. जन्मात कधी ओरडले नव्हते त्यांच्यावर.

सिद्धारामला बोलावलं. त्यानं कढईसाठी वेगळी लाइन ओढून दिली. जाताना म्हणाला, "मल्लेशअण्णा, तुमच्या भज्यांवर तर आमी लहानाचे मोठे झालो."

२८ नोव्हेंबर

भजी करत होते. मशीनची घरघर असते, त्यात तळणाचा आवाज नीट येत नाही म्हणाले. "मिनिटभर बंद कर की मशीन."

नाही म्हटलं.

"अर्धं मिनिट."

नाही म्हटलं. तोंड फिरवून झोपले. भजी शिवली नाहीत. चांगली झाली होती.

१ डिसेंबर, रविवार

आज सगळं बोलले.

मी वांगं परतत होते. एकदम म्हणाले, "श्रीदेवी, तू भट्टीवर किती वर्षं होतीस?" मोजली नाहीत म्हटलं.

"म्या मोजली. एकोणीस. म्या बाजाराला, म्या लग्नाच्या ऑर्डरीला – आन् तू धुरात. शिवलीला पोटात होती तवाबी."

मी म्हटलं, तुम्ही बसवलं नाही, मी बसले. आपलंच होतं हॉटेल.

"डोळे चोळायचीस. म्या बघायचो आन् म्हनायचो, अजून एक घाणा काढ." दम लागला. थांबले. "माजं झालं ते झालं. तू छातीचा फोटो काढून ये. त्याबिगर म्या काय खात न्हाय."

वांगं तसंच राहिलं.

३ डिसेंबर

खरंच खात नाहीत! दोन दिवस नुसता चहा. साठी उलटली तरी हट्ट लहान पोराचा.

४ डिसेंबर

गेले उमरग्याला. शेजारच्या इरम्मा ह्यांच्यापाशी बसल्या. फोटो काढला, मग एका नळीत जोरात फुंकायला लावलं – तीनदा. रिपोर्ट सोमवारी. घरी येऊन सांगितलं, गेले होते, आता तरी जेवा. चार घास भात खाल्ला. पुढचं सोमवारनंतर म्हणाले.

९ डिसेंबर, सोमवार

एसटीतून उतरले ती सरळ घरी. दारात पोचले तर खाटेवर उठून बसलेले! इरम्मा म्हणाल्या, सकाळपास्नं असेच बसलेत.

"काय म्हनाले?"

चपला काढल्या. हातपाय धुतले. मग सांगितलं – "साफ आहे म्हणाले. तुम्ही उगीच जिवाला घोर लावून घेतला."

"नीट सांग."

"साफ आहे हो!"

रडले. ह्यांची आई गेली तेव्हा रडले नव्हते, हॉटेलला कुलूप लावलं तेव्हा रडले नव्हते. माझा हात धरून रडले. नळी सरकली ती मी नीट केली.

मग म्हणाले, "सुशीला कर."

मुरमुरे भिजवले, पिळले. मोहरी, शेंगदाणे, हिरवी मिरची. "आता टाक... हलव... बस!" आवाज केवढा मोठा लागला होता! वरून डाळ्याचं कूट. अख्खी ताटली खाल्ली, बोटं चाटली. इरम्मांनाही दिला. "आज जमलं तुला," म्हणाले. असं ह्या तोंडातून पहिल्यांदाच ऐकलं.

१० डिसेंबर

डॉक्टर साफ म्हणाले नव्हते. "बाई, तुमच्यातही सुरुवात झालीय," असं म्हणाले. काल ते इथंसुद्धा लिहवलं नाही. मला पंप दिलाय ओढायला. तो ज्वारीच्या डब्यामागं ठेवलाय.

हे हाक मारतायत. भूक लागलीय म्हणून.