उजव्या खांद्याखालचा डाग

शनिवार, १४ तारीख

दादा, नमस्कार.

"आजी, वेणी वर बांधा," एक्स-रेवाला सांगत होता आणि मी म्हणत होते, "आई, उजव्या खांद्यावरून पुढेच राहू दे." शेवटी तो वैतागला. "ताई, फोटो बिघडेल." म्हटलं, बिघडवायलाच आलेय.

बिघडला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाला डाग, पहिल्या फोटोतल्यासारखाच. क्षय म्हणून आपल्याला दाखवला, तो डाग म्हणजे आईची वेणी होती.

मागच्या महिन्यात तिने केस धुऊन वर बांधले होते, तेव्हा फोटो स्वच्छ आला. डॉक्टर खूश. "बघा, औषध लागू पडलं!" आणि गोळ्या पुढे चालू. थुंकीची तपासणी दोनदा स्वच्छ आली होती, पण फोटोपुढे थुंकीला कोण विचारतो? गोळ्यांनी यकृत सुजलं, डोळे पिवळे झाले. मग यकृताच्या तपासण्या, यकृताचं औषध, उलट्यांचं वेगळं. आणि खोकला? तो साधा होता. पहिल्याच आठवड्यात गेला.

आज तिन्ही फोटो डॉक्टरांपुढे ठेवले. त्यांनी एकेक उजेडावर धरून पाहिला. मग म्हणाले, "असं होतं कधी कधी."

कधी कधी! माझा आवाज चढला. आई बाही ओढत होती, "अगं, जाऊ दे. ते तरी काय करणार?"

गोळ्या बंद केल्या. यकृत हळूहळू भरून येईल म्हणतात.

डॉक्टरांवर चिडून झालं. तुझ्याशी कसं बोलायचं ते कळत नाही. क्षय म्हटल्याबरोबर त्याच संध्याकाळी तू आईला माझ्या दारात आणून सोडलंस. वहिनी गाडीतून उतरलीसुद्धा नाही. तुमच्या छोटीला जपायला हवं होतं, मान्य. पण इतक्या दिवसांत आईला फोनवरही नातीचा आवाज ऐकवला नाहीस. फोनमधून क्षय होत नाही रे! आई रोज संध्याकाळी फोन मांडीवर घेऊन बसते. विचारलं तर म्हणते, "किती वाजले बघतेय."

आता तुझ्याकडे कारण उरलेलं नाही. छोटीला घेऊन ये.

अजून तरी तुझीच,
धाकटी

ता. क. रविवार सकाळ. आईची बॅग भरली आणि म्हटलं, चल, मीच सोडते. "त्याने आणून सोडलंय, तोच न्यायला येऊ दे," म्हणाली. मग बॅगेतले कपडे काढून तिने परत कपाटात लावले.