दोन जोड मोजे

हॅमिल्टन, जुलैअखेर

प्रिय ताई,

उजव्या पायाची बोटं वाचली, असं आज दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं. करंगळी अजून बधिर आहे, पण तीही ताळ्यावर येईल म्हणाली. तेव्हा काळजी करू नकोस.

शनिवारी आम्ही डोंगरावर स्कीइंगला गेलो होतो; इथे जुलैत ऐन हिवाळा असतो ना. आईने जावयासाठी विणलेले मोजे नितीशने घातले नाहीत, म्हणून मी माझ्या मोज्यांवर तेही चढवले. थंडीत दोन मोजे घालावेत, हे आईचंच सांगणं ना! पण स्कीचे बूट दगडासारखे कडक असतात. आत जाड मोजे कोंबले की रक्तच पुढे जात नाही. एकच पातळ मोजा हवा होता. आईला मात्र हे सांगू नकोस.

बोटं दुखतायत, असं मी नितीशला दोनदा म्हटलं. "म्हणे नाशिकची थंडी बघितलीय! ही फ्रिज उघडला तरी कुडकुडते," असं तो मित्रांना म्हणाला आणि सगळे हसले. मग बोटं दुखायची थांबली, आणि मीही बोलायची थांबले.

बूट भाड्याने देणाऱ्या बाईने माझं लंगडणं पाहिलं. तिने बूट काढला आणि माझा गार पाय स्वतःच्या पोटाशी धरून बसली. माझा डॉक्टर नवरा तेव्हा कॉफीच्या रांगेत होता.

भाऊजींचा खोकला कसा आहे? त्यांना गरम पाणीच दे.

येत्या शनिवारी हे लोक पुन्हा जाणार आहेत. गाडीत माझ्या जागी त्याचा मित्र वरुण बसेल. पाय कसा आहे, हे नितीशने अजून विचारलेलं नाही; त्याला तोवर वेळ आहे.

तुझी,
कांचन