भरलेला भाता

३ डिसेंबर १९६८
लिही सलमे, तुझी दादी कोल्हापुरात आली आणि आल्या आल्या नोकरदार झाली. हुपरीत जन्मभर चांदीच्या भट्टीचा भाता ओढला, आता चर्चमधल्या ऑर्गनचा. भिंतभर नळ्या, मागं गाडीएवढा भाता, त्याचा दांडा वरखाली करायचा. राहायला मागची खोली, तुझी शाळा जवळ. वाजवणारे अंबादास मास्तर म्हणाले, मावशी, दम पुरंल न्हवं? म्हटलं, तुमची बोटं आधी गळतील. एक हात थकला की दुसरा घेते, मधे भाता पडत न्हाय. हसू नकोस, लिही.

६ डिसेंबर
मास्तर नाताळात एक विलायती रचना वाजवणार हायत. ह्याच शतकातल्या कुणा साहेबानं एकट्या ऑर्गनसाठी बांधलेली. सहसा कुणी हात लावत न्हाय. शेवटी एकच खालचा सूर, भाता ओढणारा थकंपर्यंत धरायचा. म्हातारं माणूस कण्हल्यागत वाटतं, म्हणाले. मला काय ऐकवता, म्हटलं, मीच म्हातारी!
माझ्या आधी भाता ओढणारा केरबा सांगून गेला, ती रचना झाली की भाता पार रिकामा करा, कुणाचा वारा आत ठेवू नका. म्हटलं, आधी तुझी ढेरी रिकामी कर. आम्ही हुपरीचे भाता भरूनच उठतो. उद्याचं काम उपाशी यायला नको. आज तालमीत ती रचना संपल्यावर भाता भरला, शेवटचा दांडा तुला मारायला लावला. पोरीचा हात शकुनाचा.

१० डिसेंबर
सकाळी झाडायला गेले, तर तोच सूर चालू. मास्तर न्हाईत, दांड्याला कुणाचा हात न्हाय. भाता हळूहळू हलत होता, झोपलेल्या माणसाच्या छातीगत. उंदीर असंल म्हटलं. पण उंदराला सूर कुठला?
सलमे, तुला जिन्यात धाप लागली. शाळा बुडवायचा बहाणा म्हणून चिडवलं.

१४ डिसेंबर
बहाणा न्हवता. डॉक्टर म्हणतात छाती साफ हाय. पण भाता बसला की तुझा श्वास बसतो. उठला की उठतो.
रिकामा करायला गेले. निम्मा उतरला, तोच तुझे ओठ निळे — पुन्हा भरला.
केरबाकडं पळाले. आता उशीर झाला म्हणाला. त्याचा धाकटा भाऊ असाच गेला.

१७ डिसेंबर
मास्तरांनी ऑर्गनला कुलूप घातलं. सूर थांबला न्हाय. भाता आपोआप बसतोय. मी ओढते तवर तू बरी —

१८ डिसेंबर
तुला इथंच भात्याजवळ बसवलंय. लिहीत राहा म्हटलं. मला अक्षर कळत न्हाय, पण निबाची करकर कळते. करकर हाय तवर —

१९ डिसेंबर
उजवा हात गेला.
मास्तरांनी दांडा धरला तर भाता हलंना. माझ्याच हाताला —
लिहितीस न्हवं, सलमे?
भिऊ नकोस. जन्मात माझा भाता पडला न्हाय. आता डावा घेते. एवढा हात बदलू दे, तवर तू श्वास