आईच्या गाण्याचं रीळ

प्रिय कोलमन,

कुरख रेकॉर्ड्सची पाटी परवा उतरवली. गॉलवेच्या विद्यापीठातून दोन मुली व्हॅन घेऊन आल्या आणि आपल्या एकेचाळीस रेकॉर्डी, त्यांची रिळं, तू डिंकाने चिकटवलेल्या पहिल्या कव्हरांपैकी उरलेली, सगळं नीट बांधून घेऊन गेल्या. होडीचं नाव कंपनीला दिलं म्हणून बाबा चिडवायचे, "तरंगेल रे, पण हिच्यात मासा येणार नाही." सदतीस वर्षं तरंगली. रिकाम्या खोलीत चहा घेऊन बसले आणि रडूच कोसळलं.

रविवारी चर्चच्या पायरीवर आपण रेकॉर्डी विकायचो, आठवतं? फादर म्हणायचे, "त्या बोळक्या फिडलवाल्यांपेक्षा माझी प्रवचनं छापा, निदान झोप तरी लागेल लोकांना." तू म्हणालास, "फादर, ती फुकटच लागते की!" किती हसलो होतो आपण.

आई मात्र गायला तयार होईना. "मी काय बाजारातली गाय आहे, डब्यासमोर हंबरायला?" एकोणऐंशीच्या फेब्रुवारीत एकदाची बसली, स्वयंपाकघरातच. पण कुणी हात धरल्याशिवाय तिला सूर लागायचा नाही आणि बाबा जाऊन वर्ष झालं होतं. मशीन माझ्यावर सोपवून तू तिच्याशेजारी बसलास, तिचा हात हातात घेऊन गाण्याच्या लयीत फिरवत राहिलास. अकरा कडवी. शेवटी डोळे पुसत म्हणाली, "झालं का? बटाटे करपले असतील." तिला तसं गाताना मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

तीन आठवड्यांत ती गेली. तिला घरातच ठेवलेलं, भोवती रात्रभर माणसं बसलेली. शेजारचा एक जण म्हणाला, "बार्ब्रा, लाव गं ती टेप. एकदा ऐकू दे तिला." मी सांगितलं, सरपणाच्या खोलीत ओल लागून रीळ खराब झालं. खोकी तिथे तूच ठेवली होतीस. तुझा चेहरा पांढराफटक पडला. जूनमध्ये तू बॉस्टनला गेलास, तो आलाच नाहीस. दर नाताळाच्या कार्डावर तुझी एक ओळ: "त्या खोलीला अजून ओल येते का?" आणि मी मोठ्या मनाने उत्तर द्यायचे, जाऊ दे रे, झालं ते झालं.

काल तुझ्या लेकीचा, साईवचा फोन आला. तापात तू पलंगावरून उतरायला बघतोस म्हणे, खोकी हलवायची आहेत म्हणतोस. हे पत्र तुला मोठ्याने वाचून दाखव, असं मी तिला सांगितलंय. कोलमन, ओल लागलीच नव्हती. टपालाचा संप होता, नवी रिळं अडकली होती आणि त्या नाचाच्या बँडला एकच दुपार मोकळी होती. मी त्यांना आईच्याच रिळावर रेकॉर्ड केलं, तिचं गाणं पुसून. वाटलं, आईला काय, पुढच्या महिन्यात पुन्हा बसवू. त्याच रेकॉर्डीवर कंपनी इतकी वर्षं जगली. त्या रात्री सगळ्यांसमोर खरं बोलायची माझी छाती झाली नाही, आणि दोष घ्यायला तू जवळ उभा होतास. मला माफ कर, असं म्हणायलाही जीभ रेटत नाही. फक्त आता उठू नकोस रे बाळा, पडून राहा. तुला काहीही हलवायचं नाहीये.

तुझीच थोरली,
बार्ब्रा