रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडी

बाबा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि आत्ता कुठे मला तुमच्याशी भांडावंसं वाटतंय. भांडायचंय की नुसतं विचारायचंय, तेही धड कळत नाहीये. चार दिवस डोकं भणभणतंय. परवा ऑफिसातून येताना माझं रोजचं एक्झिट चुकलं, तेही दोनदा. आज घरून काम करते म्हणून सांगितलंय आणि जेवणाच्या टेबलावर वही उघडून बसले आहे. हाताने लिहितेय, मराठीत! तुम्ही असतात तर मजकूर राहिला बाजूला, आधी माझे ऱ्हस्व-दीर्घ तपासले असतेत.

झालं असं, की इथल्या मंडळाने यंदा दिवाळीत मुलांसाठी किल्ल्यांची स्पर्धा ठेवली आहे. आमच्या या कॅरी गावाची माती तुम्ही पाहिली नाहीत. लालभडक, चिकट, बागेला अगदी वैताग, पण किल्ल्याला शोधूनही अशी मिळायची नाही. तुमची नात बारा वर्षांची आहे, एरवी खोलीबाहेर पडत नाही, पण या किल्ल्यासाठी आठवडाभर गॅरेजमध्ये चिखलात बसली होती. तुम्ही शिकवलं होतं तसंच मी तिला उतारावर ओल्या मातीत हळीव पेरायला लावले. शनिवारपर्यंत डोंगर हिरवागार झाला. मग तिने पायथ्यापासून दरवाजापर्यंत रांगोळीचा पांढरा रस्ता काढला, आणि मी काही विचार न करता कात्री घेतली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे कोंब दोन-दोन बोटं रुंद पट्ट्यात कापून टाकले. लेक किंचाळलीच. "आई! व्हाय वुड यू डू दॅट?" मी म्हटलं, अगं, असंच करतात, आजोबा असंच करायचे.

आमची शेजारीण तेव्हा ड्राइव्हवेवर उभी होती. ती चेचेन आहे, कॉकेशसच्या डोंगरातली. लहानपणी युद्धातून आईबरोबर निसटली आणि कुठून कुठून फिरत इथे पोचली. आता दातांच्या दवाखान्यात काम करते. भोपळ्याचं सारण भरलेली त्यांच्याकडची पोळी घेऊन आली होती, वर तूप सुटलेलं. ती किल्ल्याकडे बघत राहिली, आणि मग माझ्या हातातल्या कात्रीकडे. म्हणाली, हे तुला कोणी शिकवलं? मी हसून म्हटलं, वडिलांनी. तिला हसू आलं नाही.

तिथेच गॅरेजमध्ये उलट्या बादलीवर बसून तिने सांगितलं. झारच्या फौजा त्यांच्या डोंगरात कित्येक वर्षं लढत होत्या आणि त्यांना काही केल्या यश येत नव्हतं, कारण तिथे बीच नावाच्या झाडांचं घनदाट रान होतं. दोन पावलांवरचा माणूस दिसायचा नाही. मग म्हणे सेनापतींनी अक्कल लढवली. फौज हिवाळ्यात यायची, झाडांची पानं गळलेली असताना, आणि सैनिकांच्या हातात बंदुकीइतक्याच कुऱ्हाडी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बंदुकीची गोळी जाईल तितकं रान तोडत जायचे. वाटेतल्या गावांतलं धान्य, गवताच्या गंज्या जाळायच्या. आणि माणसांना वरून खाली, मोकळ्या सपाटीवर, ठाण्यांच्या नजरेखाली आणून बसवायचं. तिच्या आजीच्या आजीचं गाव असंच उठलं. घरात अजून सांगतात, की आपण बंदुकीला हरलो नाही, झाडं गेली तेव्हा हरलो. हे सगळं ती अगदी साध्या आवाजात सांगत होती. मग तिने विचारलं, "तुझे वडील करायचे काय?"

बाबा, मी म्हटलं, शिक्षक होते. शाळेत इतिहास शिकवायचे. कुठून आलं तोंडात, देव जाणे. लेकीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत आहे तुम्ही काय करत होतात ते. जिन्यात तुमचा फोटो आहे ना, जीपला टेकून उभे, मागे नवाकोरा रस्ता आणि दोन्हीकडे बुंधेच बुंधे. इतकी वर्षं मी तो फोटो रोज बघते. जिन्यातून कपड्यांची बास्केट घेऊन उतरताना तुमच्या हसण्याकडे बघते. ते बुंधे मला कधी दिसलेच नव्हते.

मी नऊ वर्षांची आहे. मे महिन्याच्या सुट्टीत आई आणि मी तुमच्याकडे आलो आहोत, पूर्वेकडच्या त्या डोंगरात, तुमच्या पत्र्याच्या क्वार्टरमध्ये. सकाळी तुम्ही माणसं घेऊन रस्त्याच्या कामाला जाता. दिवसभर लांबून झाड पडल्याचा आवाज येतो आणि आई पोळ्या लाटता लाटता दर वेळी दचकते. संध्याकाळी तुम्ही आंघोळ करून येता, मला मांडीवर घेता, आणि सुरू! बादशहाची एवढी थोरली फौज घाटात कशी सापडली, झाडीतून आपले मावळे कसे तुटून पडले. मांडीवर थाप मारून म्हणता, "डोंगर आपला, रान आपलं, मग कसली फौज नि कसलं काय!" मी टाळ्या पिटते. सकाळी परत कुऱ्हाडी. अहो बाबा, तुम्हाला खरंच काही वाटत नव्हतं? दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या डोक्यात राहत होत्या तरी कशा? आणि मी काय झोपले होते? मला हे कळायला पन्नाशी उलटावी लागली, तेही एका परक्या बाईने भोपळ्याची पोळी आणली म्हणून.

त्याच सुट्टीत तो म्हातारा आला होता. रानातल्या बंडखोरांना आसरा मिळू नये म्हणून वरच्या धारेवरचं त्यांचं गाव सरकारने खाली रस्त्याच्या कडेला आणून बसवलं होतं, एका ओळीत सारखी पत्र्याची घरं. तो व्हरांड्यात उभा राहिला, तुमचा मदतनीस त्याचं बोलणं तुम्हाला हिंदीत सांगत होता. जुन्या गावामागे झाडांचं एक राखलेलं रान होतं, आपल्याकडच्या देवराईसारखं. तेवढं सोडा, म्हणत होता. तुम्ही त्याला खुर्ची दिलीत. आईला चहा टाकायला सांगितलंत. सगळं ऐकून घेतलंत, त्याला फाटकापर्यंत सोडून आलात. आणि चार दिवसांनी ते रान पाडलंत. आईने जेवताना विचारलं, तर ताटावरून मान वर न करता म्हणालात, "ऑर्डर आहे." मग मला ओरडलात, भात टाकू नकोस म्हणून. मी भात टाकलेलाच नव्हता.

बरं, तुम्हाला वाईट म्हणून मोकळं व्हावं, तर तेही जमत नाही. त्याच पत्र्याच्या घरांतली एक बाई अडली होती. भर पावसात तुम्ही स्वतः जीप काढलीत, आई मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली, आणि त्याच रस्त्याने तुम्ही तिला खाली दवाखान्यात नेलंत. बाळ-बाळंतीण दोघं वाचली. रस्ता नसता तर दोघंही गेली असती, हे तुम्ही नंतर कितीदा तरी सांगायचात. खरंच होतं ते. मग मी काय करू? ती बाई एका हाताला ठेवू आणि तो म्हातारा दुसऱ्या हाताला? झारच्या सेनापतींनीही रस्ते बांधलेच असतील की. त्यांच्याही मुली त्यांच्या मांडीवर बसून गोष्टी ऐकत असतील. शी, हे मी काय लिहितेय! तुम्ही कोणाची धान्याची कोठारं जाळली नाहीत. निदान मला तरी तसं माहीत नाही. बघा, आता मला "निदान" म्हणावं लागतंय.

त्या दिवशी लेकीने जेवताना विचारलंच. "आई, यू लाइड टू हर. वॉज आजोबा द बॅड गाय?" मी म्हटलं, मूर्खासारखं बोलू नकोस. ती म्हणाली, "देन व्हाय डिड यू लाय?" तिच्या प्रश्नात काही चूक नव्हती. मी जन्मात पहिल्यांदा तुमची लाज वाटून खोटं बोलले होते आणि ते माझ्या मुलीने पकडलं होतं. रात्रभर वाटत राहिलं, आता मी गप्प बसले तर तीही शिकेल, की आपल्या माणसाचं काही निघालं की ते झाकून टाकायचं असतं.

म्हणून रविवारी सकाळी लेकीला घेऊन मी शेजारणीकडे गेले. ती कणीक मळत होती. मी दारातच सगळं बोलून टाकलं. शिक्षक नव्हते, रस्ते बांधायचे, डोंगरात, दोन्ही बाजूंची झाडी तोडायचे, गाव खाली आणलं होतं, एक म्हातारा आला होता. ती मळत राहिली. मला वाटलं, संपलं, आता हिच्या घरी यायला तोंड नाही. कणीक मळून झाल्यावर तिने हात धुतले, लेकीला खुर्ची ओढून दिली आणि चहा ठेवला. म्हणाली, तू सांगितलंस ते बरं केलंस. मग म्हणाली, एकच विचारते, ते पुढे कधी बोलले का त्याबद्दल? त्या म्हाताऱ्याबद्दल? मी म्हटलं, नाही, कधीच नाही. ती म्हणाली, बोलत नाहीत अशी माणसं. आणि लेकीच्या पुढ्यात मधाची वाटी सरकवली. लेक परत येताना माझा हात धरून चालली, किती तरी दिवसांनी. तिला वाटलं, आईने खरं सांगितलं.

हे पत्र कुठे जायचं नाही हे मला कळतं, आणि म्हणूनच राहिलेलं तेवढं लिहिते. तुमच्या शेवटच्या महिन्यात तुमचा फोन आला होता. इथे सकाळ होती, मी किचनमध्ये उभी होते. तुमचा आवाज बारीक झाला होता. तुम्ही म्हणालात, "तुला तो म्हातारा आठवतो का गं? चहा न पिता गेलेला? त्याच्याबद्दल मला जरा बोलायचं होतं." तुमचा आवाज कापत होता आणि मला तो ऐकवेना. मी म्हटलं, बाबा, आत्ता मीटिंग आहे, मी नंतर करते. तुम्ही लगेच म्हणालात, हो हो, तू तुझं काम कर. मी नंतर फोन केला, पण तुमच्या औषधांचंच विचारलं. त्या सकाळी मला मीटिंग नव्हती, बाबा.